वडावरचें घुबड आणि सातपुड्यांतील रानपिंगळा

कोजागरीच्या रात्रीं नाशकांत दुधाचीं पातेलीं चांदण्यांत ठेवलेलीं असतात, आणि अशाच वेळीं पंचवटीच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या वळचणींतून गव्हाणी घुबड बाहेर पडतें. त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्यामुळें पंखांचा आवाज होत नाहीं. दिसतो तो केवळ पांढरा चेहरा, आणि मागाहून ऐकूं येतो तो चीत्कार. दूध आटविणाऱ्यांपैकीं कोणीतरी 'शिव शिव' म्हणतें. वस्तुतः ही रात्र लक्ष्मीची. बंगाल्यांत याच पौर्णिमेस लक्ष्मीबरोबर तिचें वाहन म्हणून घुबडालाही मान मिळतो.

महाराष्ट्रांत या पक्ष्याविषयीं समजुती थोड्या नाहींत. घुबडाला दगड मारूं नये. तें तो दगड उचलून नदींत घासतें, आणि दगड जसजसा झिजतो तसतसा मारणाराही झिजत जातो, असें मुलांना सांगत. या भीतीनें पुष्कळ घुबडांचे प्राण वांचले असतील, हेंही खरें. उलटपक्षीं पिंगळा, म्हणजे याच कुळांतील लहान पक्षी, भविष्य जाणतो अशी त्याची ख्याति. त्याची बोली आपणांस कळते असें सांगत पहांटे कंदील घेऊन दारोदार येणाऱ्या भिक्षेकऱ्यासही लोकांनीं पिंगळा हेंच नांव दिलें.

भीतीला ग्रंथाचाही आधार आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वांत पराभूत अश्वत्थामा वडाखालीं जागा असतो. वर कावळे निजलेले असतात. अंधारांत एक घुबड येतें आणि त्या झोपलेल्या कावळ्यांचा संहार करतें. तें पाहून अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरावर रात्रीं घाला घालण्याचा निश्चय करतो. पाप माणसाचें, पण अपकीर्ति घुबडाच्या वांट्यास आली.

या अश्वत्थाम्याचें स्थान नाशिक विभागांतच दाखवितात. नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याचें अस्तंभा हें शिखर चार हजार फुटांहून उंच आहे. शापित अश्वत्थामा तेथें वावरतो अशी श्रद्धा असून दिवाळींत, धनत्रयोदशीच्या सुमारास, यात्रेकरू तें चढतात. त्याच सातपुड्याच्या पायथ्याशीं एका खऱ्या घुबडाची कथा घडली, आणि ती पुराणकथेहून कमी विलक्षण नाहीं.

१८७३ सालीं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं रानपिंगळ्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानें त्याचे कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणास मिळाला नाहीं. अपवाद एकच सांगितला जाई : कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनीं १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीजवळ आपण एक मिळविल्याचें म्हटलें होतें. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां तो डेव्हिडसन यांचाच, ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, नव्यानें भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आजीबाईंनीं एवढी लबाडी कधीं केली नाहीं.

मांडवीची नोंद अशी रद्द झाल्यावर शोधासाठीं जुन्या, खऱ्या नमुन्यांचींच ठिकाणें उरलीं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनीं! आणि तो दिसला उन्हांत. रात्रीच्या भयावर ज्याच्या कुळाची सारी दुष्कीर्ति उभी, तो हा पक्षी दिवसाही सरडे व उंदीर टिपतो.

जंगलतोडीनें त्याचीं झाडें गेलीं. शिवाय जादूटोण्यासाठीं घुबडें आणि त्यांचीं अंडीं पळविण्याचा प्रकार सातपुड्यांत अभ्यासकांनीं नोंदविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबडाची शिकार व विक्री गुन्हा ठरली, तरी दिवाळीच्या दिवसांत लक्ष्मीच्या लोभानें लक्ष्मीच्याच वाहनाचा बळी देणारे देशांत आढळतात. १९९७ नंतर रानपिंगळा मेळघाटांत दिसला, आणि २०१४ सालीं मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाभोंवतींच्या अरण्यांतही त्याची नोंद झाली. तेथेंही तो दिवसाढवळ्या साद घालतो.