अँग्लो-सॅक्सन योद्धा घडवताना: आधी शतक ठरवा, मग शिरस्त्राण

'एज ऑफ एम्पायर्स २' खेळलेल्या प्रत्येकाला हस्कार्ल ठाऊक आहे. बाणांना न जुमानता धनुर्धरांवर तुटून पडणारा हा पायदळातील योद्धा त्या खेळात गॉथांच्या वाट्याला आला आहे. इतिहासात गॉथांची इटलीतील सत्ता सहाव्या शतकात संपली आणि स्पेनमधील त्यांचे राज्य ७११ च्या स्वारीनंतर लयास गेले. हस्कार्ल हा शब्द इंग्लंडमध्ये रुळला तो डेन राजा कनूटने १०१६ मध्ये ते राज्य जिंकल्यानंतर. योद्धा आणि त्याचे राष्ट्र यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर! खेळ उत्तम आहे, याविषयी माझा वाद नाही. पण अशा सरमिसळीचा खरा बळी ठरतो तो अँग्लो-सॅक्सन योद्धा.

आजचा थ्रेड त्याच्याविषयी. एखाद्या स्ट्रॅटेजी गेमसाठी हा योद्धा घडवायचा असेल, तर उपलब्ध साधने काय सांगतात? तो दिसेल कसा, आणि खेळात त्याची 'किंमत' किती लावावी? माझ्या मते खेळांची चूक शिरस्त्राणात कमी आणि किमतीत अधिक असते. पण सुरुवात शिरस्त्राणापासूनच करू, कारण सर्वांची नजर तिथेच जाते.

१९३९ मध्ये सफोक परगण्यातील सटन हू येथे बेसिल ब्राउन यांनी एका टेकाडाखालचे जहाज-दफन उजेडात आणले. त्यात सापडलेले शिरस्त्राण आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: भुवया, नाक आणि मिशा असलेला तो धातूचा मुखवटा. ते सापडले तेव्हा त्याचे शेकडो तुकडे झालेले होते. पहिली जुळणी १९४० च्या दशकात झाली. ती सदोष ठरल्याने १९७० च्या सुमारास ते पुन्हा जुळवण्यात आले. काळ सातव्या शतकाचा आरंभ. मृत व्यक्ती बहुधा ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवॉल्ड असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आता हे शिरस्त्राण १०६६ च्या हेस्टिंग्जच्या रणांगणावरील साध्या शिपायाच्या डोक्यावर चढवले, तर एकाच चित्रात दोन चुका होतात. एक साडेचारशे वर्षांची, दुसरी राजा आणि शिपाई यांतील अंतराची.

अँग्लो-सॅक्सन काळातील शिरस्त्राणे आजवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच सापडली आहेत. डर्बीशायरमधील बेंटी ग्रेंजचे, ज्याच्या माथ्यावर रानडुकराची आकृती आहे. यॉर्कमधील कॉपरगेटचे, आठव्या शतकातील, ज्यावरील लेखात ओशेरे हे नाव आढळते. स्टॅफर्डशायरच्या सुवर्णनिधीत मिळालेले तुकडे. आणखी दोन-चार. धातू वितळवून पुन्हा वापरला जात असे हे खरे, तरी एवढ्या दुर्मीळ वस्तूला सैन्याचा गणवेश करणे साधनांशी फारकत घेणारे आहे.

मग सामान्य योद्ध्याजवळ काय होते? पाचव्या ते सातव्या शतकातील दफने याचे उत्तर देतात, कारण त्या काळी पुरुषांसोबत शस्त्रे पुरण्याची प्रथा होती. हाइनरिश हेर्के यांनी अशा दफनांचा सविस्तर अभ्यास केला. शस्त्रे असलेल्या थडग्यांपैकी बहुसंख्य थडग्यांत भाला आढळतो. त्याखालोखाल ढाल. तलवार साधारण दहात एखाद्या थडग्यात. म्हणजे सातव्या शतकाचा खेळ रचणाऱ्याने 'तलवारबाज' ही स्वस्त तुकडी ठेवू नये, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हेर्के यांनीच दाखवून दिले की शस्त्र पेलण्याचे वय न झालेल्या मुलांच्या थडग्यांतही भाले आढळतात. तेव्हा थडग्यातील भाला 'हा माणूस लढला' असे सांगत नाही; 'हा माणूस शस्त्र बाळगण्याचा मान असलेल्या कुळातला' असे सांगतो. शस्त्र हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते. हा धागा पुढे फार कामाचा ठरणार आहे.

तलवार इतकी महाग का? लोखंडाच्या सळया पिळून, एकत्र ठोकून तिचे पाते घडवले जाई आणि त्यावर सापाच्या अंगासारखी नक्षी उमटे. अशी तलवार पिढ्यान्‌पिढ्या चाले. एथेलरेड राजाचा पुत्र अ‍ॅथेल्स्टन याचे मृत्युपत्र अकराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. त्यात त्याने आपल्या भावाला ओफा राजाची म्हणून ओळखली जाणारी तलवार दिली. ओफा मरण पावला होता ७९६ मध्ये! तेव्हा १०१५ च्या राजपुत्राच्या कमरेला दोनशे वर्षांपूर्वीची तलवार दाखवणाऱ्या कलाकाराला कुणी हटकू नये. तेच पाते शंभर शिपायांच्या हाती दिले तर जरूर हटकावे.

ढालीचेही असेच. खेळांत ती सर्वत्र एकाच मापाची दिसते. आरंभीच्या काळातील ढाली पुष्कळदा लहान असत: हलक्या लाकडाच्या, मध्यभागी लोखंडी उंचवटा असलेल्या, हाताने वार परतवण्यास सोयीच्या. पुढे त्या मोठ्या होत गेल्या. त्यांवर कातडे चढवले जाई आणि दहाव्या शतकातील अ‍ॅथेल्स्टन राजाच्या (वरचा राजपुत्र नव्हे, हा आल्फ्रेडचा नातू) कायद्यात ढालीला मेंढीचे कातडे लावणाऱ्या कारागिराला ३० शिलिंगांचा दंड सांगितला आहे. मला हे कलम फार आवडते. राजा ढालीच्या दर्जावर देखरेख ठेवतो आहे, यावरून तिचे महत्त्व कळावे.

आता सैन्याचा आकार. वेसेक्सचा राजा इने याच्या, सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात एक प्रसिद्ध वर्गवारी आहे. लुटारू सातपर्यंत असतील तर ते चोर, सात ते पस्तीस असतील तर टोळी, आणि त्याहून अधिक असतील तर सैन्य. हे कलम गुन्ह्याची शिक्षा ठरवण्यासाठी आहे, राजाच्या फौजेची मोजदाद करण्यासाठी नाही. तरीही छत्तीस शस्त्रधारी माणसे गावावर चालून आली तर त्या काळच्या माणसाला ते 'सैन्य' वाटे, हे त्यातून दिसतेच. आरंभीच्या राज्यांचा खेळ रचणाऱ्याने पडद्यावर दोन हजार माणसे उभी करण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

नवव्या शतकात चित्र पालटते. 'थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया' हा खेळ ८७८ मध्ये, म्हणजे आल्फ्रेडने एडिंग्टन येथे डेन सैन्याचा पराभव केला त्या वर्षी सुरू होतो, आणि ती निवड मोठी मार्मिक आहे. कारण त्यानंतर वेसेक्सने जे उभारले ते शस्त्रांहून अधिक परिणामकारक ठरले. आल्फ्रेडने आपली फौज दोन भागांत विभागली; अर्धे लोक मोहिमेवर, अर्धे घरी, आणि तटबंदीच्या ठाण्यांवर नेमलेले लोक वेगळे. ही ठाणी कशी चालत, ते 'बर्घल हायडेज' नावाच्या दस्तऐवजातून कळते. 'हाइड' म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाच्या निर्वाहाची जमीन. कर आणि सेवा यांच्या आकारणीचे ते एकक होते. प्रत्येक हाइडमागे एक माणूस, आणि तटाच्या दर साडेसोळा फुटांना चार माणसे, असे ते गणित होते. विंचेस्टरला २४०० हाइड नेमून दिले होते. हिशेब करा: ६०० भाग, म्हणजे ९९०० फूट तट. आणि विंचेस्टरच्या रोमन तटाची प्रत्यक्ष लांबी या आकड्याच्या अगदी जवळ भरते. नवव्या-दहाव्या शतकातील कारकुनांनी भिंत मोजून माणसे नेमली होती!

यावरून मी किमतीच्या प्रश्नाकडे येतो. बहुतेक खेळांत बटण दाबले की अन्न आणि लाकूड वजा होते आणि भालाईत बाहेर पडतो. उत्तरकालीन इंग्लंडमध्ये योद्धा 'निघे' तो जमिनीतून. १०८६ च्या डूम्सडे बुकात बर्कशायरची जुनी रीत नोंदलेली आहे: राजाने फौज बोलावली तर पाच हाइडमागे एक सैनिक जाई, आणि त्याच्या दोन महिन्यांच्या खर्चासाठी प्रत्येक हाइड चार शिलिंग देई. एकूण २० शिलिंग, आणि ते थेट सैनिकाच्या हाती पडत. १००८ मध्ये एथेलरेड राजाने फर्मावले की दर आठ हाइडमागे एक शिरस्त्राण आणि एक चिलखत सिद्ध करावे. निकोलस ब्रुक्स या इतिहासकाराने हे फर्मान आणि त्या काळची मृत्युपत्रे यांची सांगड घालून असे मांडले की इंग्रज सैन्यात शिरस्त्राण व चिलखत सर्रास दिसू लागले ते याच सुमारास. ९९१ च्या माल्डनच्या लढाईवरील जुन्या इंग्रजी काव्यातही कडीदार चिलखताचा ठळक उल्लेख येतो तो एका वायकिंगाच्या अंगावर.

म्हणून ९९१ चा इंग्रज योद्धा आणि १०६६ चा इंग्रज योद्धा यांना एकच चित्र चालणार नाही. मधली पंचाहत्तर वर्षे डेन आक्रमणांची आणि जबर करांची होती. त्या दडपणाखाली राज्याने आपल्या माणसांना लोखंडाने मढवले.

या सर्वांत सर्वाधिक अन्याय होतो तो 'फिर्ड' या सैन्यावर. खेळांत फिर्ड म्हणजे दाताळी आणि कोयते घेतलेला शेतकऱ्यांचा जमाव, पहिल्या हल्ल्यात मरण्यासाठी निर्माण केलेला. पण पाच हाइडांनी खर्च उचललेला माणूस दाताळे घेऊन येईल का? इनेच्या कायद्यात फिर्डला गैरहजर राहणाऱ्या जमीनदार उमरावाला १२० शिलिंग दंड आणि जमीनजप्ती आहे. 'चर्ल' म्हणजे सामान्य स्वतंत्र माणसाला ३० शिलिंग. सामान्य माणूस सैन्यात होता, पण तो हिशेबात धरलेला होता. माल्डनच्या काव्यात सरदार बिर्टनोथ पडल्यावर दुन्नेरे नावाचा एक साधा चर्ल भाला उंचावून इतरांना धीर देतो. कवीने त्याला नाव दिले आहे, बोलण्याची संधी दिली आहे. खेळाने त्याला निदान एक ढाल तरी द्यावी.

घोड्यांचा प्रश्न उरतो. अँग्लो-सॅक्सन पायी लढत, म्हणून खेळ त्यांना नकाशावर मंदगती करून टाकतात. कनूटच्या कायद्यात राजाचा थेन, म्हणजे मानकरी उमराव, मरण पावला तर राजाकडे काय जमा करावे याची यादी आहे: चार घोडे, त्यांपैकी दोन खोगिरासह, दोन तलवारी, चार भाले, चार ढाली, एक शिरस्त्राण, एक चिलखत आणि ५० मँकस सोने. ही यादी मला कोणत्याही कल्पित आराखड्यापेक्षा मोलाची वाटते, कारण एका थेनचे सारे सामान तिच्यात आले आहे. तो घोड्यावरून दौडत येई, माल्डनच्या काव्यातल्याप्रमाणे उतरून घोडे मागे पिटाळी, आणि ढालींच्या भिंतीत उभा राही. तेव्हा नकाशावर त्याचा वेग घोडेस्वाराचा ठेवावा, रणांगणावर पायदळाचा.

राहता राहिला १०६६ चा देखावा. सुमारे ७० मीटर लांबीच्या बायो टॅपेस्ट्रीवर दोन्ही बाजूंचे वीर जवळजवळ सारखेच दिसतात: तेच निमुळते, नाकावर पट्टी असलेले शिरस्त्राण, तेच चिलखत, पुष्कळांजवळ तीच लांबट ढाल. इंग्रजांकडे काही गोल ढाली आहेत आणि दोन हातांनी पेलायची ती प्रसिद्ध डेन कुऱ्हाड आहे. हस्कार्लचे शस्त्र म्हणून ती ओळखली जाते, पण केवळ हस्कार्लच ती वापरत असे मानण्यास आधार नाही. इंग्रज धनुर्धर त्या साऱ्या पटावर अवघा एक, तोही इतरांहून लहान काढलेला. मग खेळाडूने शत्रू आणि मित्र ओळखावेत कसे? कलाकार सहसा एका सैन्याला लाल आणि दुसऱ्याला निळा रंग देऊन मोकळे होतात. टॅपेस्ट्री भरणाऱ्यांपुढेही हाच पेच होता. त्यांनी नॉर्मनांची मान मागून भादरलेली दाखवली, आणि इंग्रजांना मिशा दिल्या.