क्लचमधले काळे कडे

मंडळी, तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दळण संपले की गिरणीवाला इंजिन बंद करीत नसे. पुढचे गिऱ्हाईक डबा घेऊन उभेच असे, आणि ते अवजड इंजिन पुन्हा हँडल मारून चालू करायचे म्हणजे घाम निघे. तो काय करी, तर फिरता पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवून देई. इंजिन आपले फिरत राही आणि जाते थांबे.

मोटारीलाही नेमकी हीच सोय लागते. इंजिन चालू ठेवून चाके थांबवायची, गिअर बदलायचे, पुन्हा इंजिनाची ताकद चाकांना हळूहळू द्यायची. मोटारीत पट्टा नाही, म्हणून तिथे क्लच आला. आज सांगायचे आहे ते ह्या क्लचमधल्या एका लहानशा भागाविषयी. रिलीज बेअरिंग त्याचे नाव. आकाराने बांगडीएवढे. पण इंग्लंडातल्या जुन्या, दोन माणसांच्या, उघड्या स्पोर्ट्‌स मोटारींपैकी काहींत हे बिघडले, की त्याच्यासाठी सबंध इंजिन उचलून बाहेर काढावे लागते. म्हणून बिघाड खरोखर तिथेच आहे की दुसरीकडे, हे आधी ओळखण्याला फार किंमत आहे.

आधी थोडे मागे जाऊ. १९०० सालाच्या आसपासच्या मोटारींत क्लच म्हणजे चामडे चढवलेला एक शंकू असे. तो इंजिनाच्या जड चाकातल्या तशाच आकाराच्या खोलगट जागेत जाऊन घट्ट बसे. चामडे वाळले की गाडी गचका देऊन निघे. मग त्याला एरंडेल पाजायचे. तेल जास्त झाले की चामडे घसरे. मग त्यावर एक प्रकारची माती भुरभुरवायची. ही माती म्हणजे आपली मुलतानी मातीच, बरे का! मोटार हाकणाऱ्याच्या पेटीत पान्यांच्या जोडीला एरंडेल आणि माती असे, हे आज कोणाला खरेही वाटणार नाही.

चामड्याची ही कटकट संपवण्यात हर्बर्ट फ्रूड ह्या इंग्रज गृहस्थाचा वाटा मोठा आहे. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उताराला चाकावर जुन्या बुटाचा तुकडा दाबून धरीत, ते पाहून त्याला घर्षणासाठी खास कापडी ठोकळे बनवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये ही काळजी आपल्याकडच्या गाडीवानालाही नवी नाही. १८९७ मध्ये फ्रूडने हा धंदा मांडला, आणि आपल्या आडनावाच्या अक्षरांत एक अक्षर घालून, ती मागेपुढे करून ‘फेरोडो’ हे नाव केले. पुढे ह्या मालात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आले. त्यांची गोष्ट नंतर येईल, कारण ती दुःखाची आहे.

घर्षणाचा असा चांगला माल मिळू लागल्यावर शंकूची गरज उरली नाही. एक सपाट तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना हा माल. एका अंगाला इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. दुसऱ्या अंगाला प्रेशर प्लेट. आणि स्प्रिंगांच्या जोराने तबकडी दोहोंच्या मध्ये दाबलेली. पुऱ्यांच्या यंत्रात गोळा दाबावा तशी. अमेरिकेतल्या बोर्ग अँड बेक कंपनीचा हा क्लच इंग्लंडात लेमिंग्टन स्पा येथे ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स ही कंपनी बनवू लागली, आणि पुढे कित्येक ब्रिटिश मोटारींत तो बसला.

आता पाहा, अडचण कुठे आहे ती. पायाने पेडल दाबले की स्प्रिंगांचा जोर हटला पाहिजे आणि तबकडी मोकळी झाली पाहिजे. पण स्प्रिंगा आणि प्रेशर प्लेट इंजिनाबरोबर मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. तुमचा पाय, पेडल आणि पेडलाला जोडलेला फोर्क मात्र फिरत नाहीत. कुंभाराच्या फिरत्या चाकावर काठीचे टोक जोराने दाबून धरून बघा, म्हणजे काय होते ते कळेल. फिरणाऱ्या वस्तूला न फिरणाऱ्या वस्तूने ढकलायचे, आणि दोघांनीही झिजायचे नाही! हे काम रिलीज बेअरिंगचे.

ह्याला एक उपाय उघड होता, तो म्हणजे गोळ्यांचे बेअरिंग. वेल्समधल्या कार्मार्दन गावच्या फिलिप व्हॉन ह्याने गाड्यांच्या आसासाठी १७९४ मध्येच त्याचे पेटंट घेतलेले होते. पण क्लचच्या जागी गोळ्यांना ग्रीस हवे, आणि ते ग्रीस उष्णतेने पातळ होऊन तबकडीवर उडाले तर क्लच घसरणार. शिवाय फोर्क एका खिळीवर झुलतो, म्हणून त्याचे टोक सरळ रेषेत न जाता किंचित कमानीत जाते. गोळ्यांच्या बेअरिंगला असे तिरके ढकललेले चालत नाही. त्याला सरळ सरकण्यासाठी नळी द्यावी लागते.

दुसरा उपाय साधा होता. बिडाच्या खोबणीत कार्बनचे एक जाड काळे कडे बसवायचे आणि ते समोरच्या गुळगुळीत पोलादी चकतीवर नुसते दाबायचे. शिक्षक मंडळींना वर्गात दाखवण्याजोगी ही गोष्ट आहे. शिसपेन्सिलीचे टोक बोटावर घासा. नाव शिसपेन्सिल असले तरी आत शिसे नसते, ग्राफाइट असते, म्हणजे कार्बनचेच एक रूप. त्याचे पातळ थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून बोट गुळगुळीत लागते. हे कडे स्वतःच स्वतःचे वंगण असते. ग्रीस नको, गोळ्या नकोत, आवाज नाही, किंमत थोडी; थोडेसे तिरके दाबले तरी तक्रार नाही. दोष एकच. ते फिरत नाही, घासते. आणि घासते म्हणून झिजते.

ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन येथे एम.जी. मोटारींचा कारखाना १९२९ पासून होता. तिथल्या एम.जी.बी. ह्या गाडीत, १९६२ ते १९८० पर्यंत, हेच कार्बनचे कडे होते. अशा पाच लाखांवर गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. ह्या गाडीशी आपले एक दूरचे नातेही आहे. आपली अ‍ॅम्बॅसडर, जी २०१४ पर्यंत बनत होती, तिला पुष्कळ वर्षे १४८९ सी.सी.चे ब्रिटिश ‘बी’ मालिकेचे इंजिन होते. एम.जी.बी.चे १७९८ सी.सी.चे इंजिन त्याच घराण्यातले. कलेक्टरसाहेबांची संथ मोटार आणि ही चपळ उघडी मोटार ह्या चुलत बहिणी, म्हणा ना!

आता बिघाड ओळखण्याकडे वळू. अशी गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे, इंजिन मंद चालू आहे, असे समजा. पेडलावरून पाय पूर्ण काढा आणि कान द्या. काही घरघर येते आहे, आणि पेडल दाबताच ती थांबते, असे असेल तर रिलीज बेअरिंगला दोष देऊ नका. पेडल सोडलेले असताना गिअर पेटीतला पुढचा दांडा इंजिनाबरोबर फिरतो. दाबले की थांबतो. आवाज त्याच्या बेअरिंगांचा आहे. घाईच्या मिस्त्रीची फसगत इथे होते, आणि मालकाच्या खिशाला नवे कडे घालूनही तोच आवाज ऐकावा लागतो.

उलट, पाय नसताना शांतता आणि पेडलावर नुसता हलका भार देताच किरकिर किंवा कर्कश घासणे सुरू झाले, तर मात्र संशय खरा. कार्बन संपत आला आहे, बिडाची खोबणच पोलादाला लागू लागली आहे, किंवा कडे तापून तडकले आहे. चांगले कडे जवळजवळ मुके असते, म्हणून ते बोलू लागले की थांबायचे नाही. तिसरा एक आवाज आहे, फसवा. तो हलक्या भाराला येत नाही. पेडल तळाला नेऊन, गिअर टाकून उभे राहिले की येतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला एक लहान पितळी बुश असते, त्यात गिअर पेटीच्या दांड्याचे नाक बसते. त्या दोघांचे वेग वेगळे झाले तरच ते बुश ओरडू शकते, आणि वेग वेगळे होतात ते क्लच पूर्ण सुटल्यावर.

आणि आवाज मुळीच नाही, पण गिअर टाकताना दात कराकरा वाजतात, असे असेल तर? पेडल तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी दात वाजले तर क्लच पुरता सुटत नाही. पण इंजिन काढायला लगेच दोर बांधू नका. एम.जी.बी.त पेडलाचा जोर तेलाच्या नळीतून जातो. वर मास्टर सिलिंडर, खाली गिअर पेटीच्या अंगाला स्लेव्ह सिलिंडर. एका माणसाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. स्लेव्हचा दांडा सुमारे अर्धा इंच सरकला पाहिजे. तितका सरकत नसेल तर दोष बहुधा बाहेरच आहे: तेल गळते आहे, नळीत हवा शिरली आहे, रबरी नळी फुगते आहे, किंवा पेडलाच्या पिनेचे भोक झिजून लांबट झाले आहे. ही पीन म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. पण भोकातली थोडी ढिलाई सिलिंडरापर्यंत पोचणारी चाल खाऊन टाकते. दांडा पुरता सरकतो आणि तरीही दात वाजतात, तेव्हाच दोष आत.

कव्हेंट्रीच्या ट्रायंफ टी.आर. गाड्यांची, १९५३ च्या टी.आर. २ पासून १९७६ ला संपलेल्या टी.आर. ६ पर्यंत, तऱ्हा निराळी. तिथे बेअरिंग गोळ्यांचे आहे आणि नळीवर सरळ सरकते. पण फोर्क आडव्या दांड्याला एका निमुळत्या पिनेने बांधलेला असतो, आणि ती पीन तुटते. दांडा फिरतो, फोर्क जागीच राहतो. बाहेरून सगळे ठीक दिसते, म्हणून बेअरिंगावर आळ येतो. जाणते मिस्त्री फोर्काला दुसरी एक पीन आरपार घालून ठेवतात. ट्रायंफवाल्यांनी एक दया केली आहे: बैठकी आणि मधले आवरण काढले, की गिअर पेटी गाडीच्या आतूनच बाहेर येते. एम.जी.बी.त इंजिन उचलण्याला पर्याय नाही.

कडे लवकर का झिजते, ह्याचे उत्तर बहुतेक वेळा हाकणाऱ्याच्या डाव्या पायात असते. पेडलावर पाय टेकवून ठेवण्याची सवय, किंवा सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून वाट बघत राहणे. जुन्या तारेच्या किंवा दांड्याच्या जोडणीत पेडलाला थोडी मोकळी चाल मिळवून घेता येई. एम.जी.बी.त ती चाल लावून घेण्याची सोयच नाही. पाय टेकला की घासणे सुरू. उभे राहायचे असेल तर न्यूट्रल करावे आणि पाय खाली घ्यावा. आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही हे लागू आहे, जरी तिथले बेअरिंग निराळे असले तरी.

आता अ‍ॅस्बेस्टॉस. रॉचडेल गावच्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ ही बाई १९२४ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉक्टर कुक ह्यांनी तिच्या फुप्फुसांची हकीकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याच वर्षी छापली. कारखान्यांसाठी नियम १९३१ मध्ये झाले. पण क्लचच्या तबकडीत ते तंतू पुढे कित्येक दशके राहिले, आणि ब्रिटनमध्ये त्यांच्यावर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. म्हणजे पन्नास-साठ वर्षांची जुनी गाडी उघडली आणि आतली तबकडी मूळची निघाली, तर आवरणात साचलेली काळी धूळ निव्वळ कार्बनची आहे असे धरून चालू नका. ती तोंडाने फुंकू नये, हवेच्या पंपाने तर मुळीच उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि नाकातोंडावर योग्य मुखवटा असावा. पोरांना कामावर ठेवणाऱ्या गॅरेजवाल्यांनी हे आधी ऐकावे.

अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याची पन्नास वर्षे साजरी झाली १९७९ च्या सप्टेंबरात, आणि त्याच महिन्यात तो बंद करण्याचे जाहीर झाले. काय ही वेळ साधली! १९८० मध्ये शेवटची एम.जी.बी. निघाली. एम.जी. ही अक्षरे २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींवरही दिसतात, पण त्या नावाची मालकी आता चीनमधल्या कंपनीकडे आहे. ह्या गाड्यांशी त्यांचा संबंध नावापुरताच. जुन्या गाड्या मात्र हजारोंनी चालू आहेत. १९८८ पासून तर इंग्लंडात एम.जी.बी.चे सांगाडेच नव्याने ठोकून मिळू लागले.

सुटे भागही नवे बनतात. कार्बनच्या जागी गोळ्यांचे बेअरिंग बसवून देणारेही आहेत. काहींना ते पटते, काहींना नाही. मला विचाराल तर ज्या फोर्काला कमानीत झुलायचे आहे त्याला मूळचे कडेच बरे. इंजिन एवढे उचललेच आहे, तर तबकडी, प्रेशर प्लेट आणि कडे तिन्ही एकदम बदलून घ्यावीत, कारण खरा खर्च मजुरीचा आहे. मागच्या बाजूने इंजिनाचे तेल गळत नाही ना, तेही पाहावे. नवे कडे हातात आले की अंगठ्याने दाबून ते खोबणीत घट्ट आहे का, काठाला चीर नाही ना, हे बघावे. मग फोर्कात बसवून दोन्ही बाजूंच्या तारेच्या क्लिपा खरोखर अडकल्या आहेत ह्याची बोटाने खात्री करावी. इंजिन खाली बसले की तिथे पुन्हा बोट पोचत नाही.