जुन्या पिकअपचा रिव्हर्स लाईट: होल्डरमध्ये बसला म्हणजे बल्ब योग्य आहे असं नाही

माझ्याकडे २००६ सालचा पिकअप आहे, भाजीची वाहतूक करतो. गेल्या पावसाळ्यात पहाटे मार्केट यार्डात गाडी मागे घेत होतो. क्रेटच्या थप्पीजवळ एक हमाल खाली वाकलेला होता, तो मला आरशात दिसलाच नाही. कुणीतरी फाळक्यावर जोरात थाप मारली आणि मी ब्रेक दाबला. अंतर हातभर उरलं होतं. गंमत म्हणजे रिव्हर्सचा बल्ब मी आठवड्यापूर्वीच नवीन टाकला होता, आणि तो लागतही होता.

घरी येऊन बल्ब काढला. त्याच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरांत २४ व्होल्ट लिहिलं होतं. तो मोठ्या ट्रकचा बल्ब होता, माझी गाडी १२ व्होल्टची.

आपला बल्ब कोणता?

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये रिव्हर्ससाठी पी२१डब्ल्यू बल्ब असतो: १२ व्होल्ट, २१ वॅट, एकच फिलामेंट. काही दुकानांत तो ११५६ या नंबरानेही मिळतो. टोपीचा व्यास १५ मिलिमीटर, दोन पिना समोरासमोर एकाच उंचीवर आणि खाली एकच टोक. या टोपीला बीए१५एस म्हणतात. ब्रेक-टेलचा बल्ब दोन फिलामेंटचा असतो. त्याच्या पिना वर-खाली असतात आणि खाली दोन टोकं असतात, म्हणून तो इथे बसत नाही. तरी नवीन घेण्याआधी जुना बल्ब किंवा गाडीचं मॅन्युअल बघाच.

बसतात, पण चुकीचे

खरा घोळ इथे होतो, कारण बीए१५एस टोपी अनेक बल्बना असते.

- २४ व्होल्टचा २१ वॅट: १२ व्होल्टवर लागतो, पण प्रकाश जेमतेम दहावा हिस्सा.
- आर५डब्ल्यू आणि आर१०डब्ल्यू: ५ आणि १० वॅटचे. पी२१डब्ल्यूचा प्रकाश साधारण ४६० लुमेन, तर १० वॅटवाल्याचा १२५ च्या आसपास.
- जास्त वॅटचे ‘एक्स्ट्रा पॉवर’ बल्ब: जुना प्लास्टिकचा होल्डर आणि काच म्हणून लावलेलं प्लास्टिक उष्णतेने वितळू शकतं, वायरही तापते.

म्हणून दुकानात ‘रिव्हर्सचा बल्ब द्या’ एवढंच सांगू नका. ‘बारा व्होल्ट, एकवीस वॅट, सिंगल’ असं सांगा आणि टोपीवरचं वाचूनच पैसे द्या.

बल्ब बरोबर, तरी उजेड पिवळा?

योग्य बल्ब टाकल्यावर माझ्याकडे प्रकाश वाढला, पण पाहिजे तेवढा नाही. कारण होतं गंजलेलं अर्थिंग. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो.

तपासताना एक चूक सगळे करतात: बल्ब काढून मीटर लावतात. तेव्हा करंट वाहतच नसतो, त्यामुळे मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतं आणि आपण फसतो. इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाला ओट लावा. चावी ऑन करून रिव्हर्स गिअर टाका आणि बल्ब पेटलेला असताना मोजा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला (लांब वायर जोडावी लागेल) आणि दुसरी होल्डरच्या अर्थ वायरला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. माझ्याकडे बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने घासला, बोल्ट परत कसला आणि काम झालं.

लाईट अजिबात लागत नसेल तर आधी बल्ब आणि फ्यूज बघा, मग गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडल्यावर लाईट लागला, तर स्विच गेलाय.

एलईडी टाकू का?

टाकू शकता. करंट कमी लागतो, उष्णताही कमी. पण दिव्यातला रिफ्लेक्टर मधोमध असलेल्या फिलामेंटच्या हिशोबाने बनवलेला असतो. फक्त टोकाला चिप असलेला एलईडी मागे एक झगझगीत ठिपका पाडतो, बाजू मात्र अंधारातच. घ्यायचाच तर चारही बाजूंना चिप असलेला, पांढऱ्या रंगाचा घ्या. आणि अर्थिंग खराब असेल तर ते आधी नीट करा, एलईडी हा त्यावरचा इलाज नाही.

शेवटची तपासणी

बल्ब लागला की काम संपलं असं समजू नका. अंधारात गाडीमागे पाच-सहा पावलांवर एक रिकामा क्रेट जमिनीवर ठेवा आणि सीटवर बसून आरशात बघा. क्रेट दिसला तर वाकलेला माणूसही दिसेल. मी आता दर पावसाळ्याआधी हे करतो.