रासायनिक अभिक्रियाजाल : गणिती प्रतिमान

एकमेकींत गुंतलेल्या अनेक अभिक्रियांना अभिक्रियाजाल म्हणतात. प्रत्येक अभिक्रियेचा वेग तिच्यात भाग घेणाऱ्या पदार्थांच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, असे गृहीत धरून जालाची अवकल समीकरणे मांडली जातात. गुल्डबर्ग आणि वोगे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1864 मध्ये मांडलेल्या वस्तुमानक्रिया नियमात या पद्धतीचे मूळ आहे.

अशा जालाचे सर्वांत बोलके उदाहरण रशियातले. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियम यांचे मिश्रण पिवळे होते, रंगहीन होते, पुन्हा पिवळे होते, हे बोरिस बेलोउसॉव्ह यांनी 1951 च्या सुमारास पाहिले. असे घडणे अशक्यच, असे मानून त्यांचा लेख नाकारला गेला. 1961 मध्ये मॉस्कोत संशोधक विद्यार्थी असलेल्या अनातोली झाबोटिन्स्की यांनी हाच विषय हाती घेतला, सायट्रिकऐवजी मॅलॉनिक आम्ल वापरले आणि रंगाची ही आंदोलने खरी असल्याचे दाखवून दिले. फील्ड, कोरोश आणि नॉयस यांनी 1972 मध्ये या आंदोलनांमागची यंत्रणा उलगडली. पुढे फील्ड आणि नॉयस यांनी ती तीन चलांच्या ‘ओरेगोनेटर’ प्रतिमानात बसवली.

समीकरणे न सोडवताच जालाचे वर्तन सांगता येईल का? हॉर्न, जॅक्सन आणि फाइनबर्ग यांनी 1972 पासून या प्रश्नाला हात घातला. अभिक्रिया दाखवणाऱ्या बाणांच्या दोन्ही टोकांच्या वेगवेगळ्या संयोगांच्या संख्येतून बाणांनी जोडलेल्या सुट्या गटांची संख्या आणि परस्परांपासून स्वतंत्र अभिक्रियांची संख्या वजा केली की जालाची ‘न्यूनता’ मिळते. अ + ब ⇌ क साठी ती 2 − 1 − 1 = 0 येते. न्यूनता शून्य असून प्रत्येक बाणावरून परतीची वाट असेल, तर वेगांक कोणतेही असोत, टिकून राहणारी आंदोलने संभवत नाहीत.