धावत्या गाडीचे इंजिन सोडताना

औंढ्याहून लोणावळ्याचे स्टेशन जवळच. घाट चढून आलेल्या गाडीची, कर्जतला मागून लावलेली बँकर इंजिने तेथे सुटताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो. गाडी उभी राहिल्यावाचून ती कोणी सोडीत नसे. पण गाडी धावत असतानाच इंजिन सोडायचे झाले तर?

वाचकहो, संगणकाच्या जगात हा पेच खरोखरच पडला होता. संगणकाचा सारा कारभार पाहणारा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात; आणि छपाईयंत्रासारख्या एकेका उपकरणाशी बोलणारा त्याचा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स' सुरू केले. १९९५ च्या १.२ या आवृत्तीत चालू यंत्रातून ड्रायव्हर काढण्याची सोय होती. स्मृती तुटपुंजी, नको त्याने जागा का अडवावी?

मात्र एक चोरवाट राहिली. आपल्याकडे किती कामे चालू आहेत, याची मोजणी ड्रायव्हर स्वतःच करी. शाळेतले उदाहरण घ्या. मुलाने वर्गात शिरल्यावर फळ्यावर आपली रेघ ओढायची, असा नियम केला. मूल उंबऱ्याच्या आत आले, रेघ अजून ओढायची आहे. तेवढ्यात शिपायाने कोरा फळा पाहून कुलूप ठोकले! येथे तर कुलपावर भागत नाही, खोलीच पाडली जाते. आत कोणी असेल तर सारे यंत्र कोसळते. मग ते बँकेचे असो वा इस्पितळाचे.

ही सोयच रद्द करावी, असाही विचार २००२ साली पुढे आला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी ही व्यवस्था नव्याने लिहिली. आता मोजणी दाराबाहेर, आत शिरण्यापूर्वी. निरोप ठरला की नव्यांना मज्जाव. आणि गंमत पाहा, शून्याची खात्री करताना सगळे प्रोसेसर क्षणभर थांबवीत. म्हणजे लोणावळ्यासारखी गाडी उभी करावीच लागली! २००३ च्या डिसेंबरात २.६ आवृत्तीबरोबर ही रीत सर्वांच्या हाती आली. पुढे २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत, मध्ये कोणाला शिरता येणार नाही अशी एका दमाची मोजणी आली आणि ते थांबणेही सरले.

तरी ड्रायव्हर लिहिणाऱ्याची जबाबदारी सुटलेली नाही. लावलेले गजर रद्द करायचे, उपकरणाच्या हाका बंद करायच्या, हातातले काम संपू द्यायचे. मगच जागा सोडायची. नवे जोडण्याचे कौतुक सर्वांना. पण जुने सुखरूप सोडविण्याची विद्या त्याहून अवघड, हे घाटाखाली राहणाऱ्यांना आणि घाटावरच्यांना वेगळे सांगायला नको.