हवाईतील पक्ष्यांचा हिवताप

हवाईतील पक्ष्यांचा हिवताप हा प्लास्मोडियम रेलिक्टम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा रोग आहे. त्याचा प्रसार क्युलेक्स क्विन्क्वेफॅशिएटस या डासाच्या मादीमार्फत होतो. हाच डास भारतात हत्तीरोगाचा वाहक आहे. पक्ष्यांचा हिवताप माणसांना होत नाही.

प्रसार

हवाई बेटांवर मुळात डास नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजावरील पाण्याच्या पिंपांतून हा डास माउई बेटावर पोहोचला, असे मानले जाते. परजीवी नंतर बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर आला. रानडुकरांनी उकरलेल्या खड्ड्यांत व पोखरलेल्या झाडांच्या खोडांत साचणाऱ्या पाण्यात डासांची पैदास होते.

परिणाम

प्रदेशनिष्ठ हनीक्रीपर पक्ष्यांमध्ये या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. त्यांपैकी लाल रंगाचा इईवी हा पक्षी संसर्गित डासाच्या एका दंशानेही बहुधा दगावतो. सखल भागातील आमाकिही पक्ष्यांच्या काही समूहांत मात्र रोग सहन करण्याची क्षमता निर्माण झाली आहे.

सुमारे १३ अंश सेल्सियसखाली डासाच्या शरीरातील परजीवीची वाढ थांबते. त्यामुळे सुमारे १,५०० मीटरहून उंचावरील थंड वने पक्ष्यांचे आश्रयस्थान ठरली. तापमानवाढीमुळे रोगाचे क्षेत्र वर सरकत आहे. काउआई बेटाचे सर्वोच्च शिखर सुमारे १,६०० मीटर उंच असल्याने तेथील पक्ष्यांना आणखी वर जाण्यास जागा जवळजवळ उरलेली नाही.

नियंत्रण

२०२३ पासून माउईवर वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा प्रकार असलेले नर डास सोडले जातात. नर चावत नाहीत आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या तेथील माद्यांची अंडी उबत नाहीत. त्यामुळे डासांची संख्या घटणे अपेक्षित आहे.