स्वल्पविरामाने तोडलेले एकनाथ

कृतिदेव टंकात ‘ए’ हवा असेल तर स्वल्पविरामाची कळ दाबायची आणि ‘य’ हवा असेल तर अर्धविरामाची. रेमिंग्टन पद्धतीने टायपिंग शिकलेल्यांना यात नवल वाटत नाही. पण अशा टंकातली सभासदांची यादी कुणी स्वल्पविरामाने रकाने पाडून वेबसाइटवर चढवली, की यादीतले सगळे एकनाथ पहिल्याच अक्षराला तुटतात. संगणकाच्या लेखी तिथे अक्षर नसतंच, तिथे रकाना संपलेला असतो. मग उरलेला ‘कनाथ’ आडनावाच्या जागी, आडनाव पत्त्यात आणि पत्ता फोनच्या रकान्यात.

या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत माझं काम हेच होतं. पतसंस्था, ग्रंथालयं, वधूवर सूचक मंडळं आपापल्या याद्या आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर आणून द्यायची. कालांतराने ‘तुम्हीच वेबसाइटवर चढवा’ असं सांगता येऊ लागलं. फाइल निवडा, बटण दाबा, झालं, असं गिऱ्हाइकाला वाटायचं. खरं काम त्या बटणाच्या पलीकडे सुरू व्हायचं.

मजकुराच्या फाइलीतून माहिती यंत्रात भरायची म्हणजे दोन गोष्टी आधी ठरलेल्या हव्यात. एक, कुठली नोंद कुठे संपते. दोन, कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर. पहिल्या प्रश्नाशी अमेरिकन लोक शंभर वर्षं झगडत होते. हर्मन हॉलरिथ यांनी 1890च्या अमेरिकी जनगणनेत भोकं पाडलेली कार्डं वापरली. आयबीएमने 1928मध्ये कार्डावर 80 स्तंभ आणले. नावाला इतके स्तंभ, गावाला इतके, असं ठरलेलं असलं की मध्ये खूण लागत नाही. फक्त लांब नावाचं शेपूट कापलं जातं. पुढे 1963मध्ये आस्की संकेत आला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत रकाने आणि नोंदी वेगळ्या करायला खास चार चिन्हं ठेवली होती, 28 ते 31 या क्रमांकांची. फार शहाणी सोय होती ती. पण त्या चिन्हांना कीबोर्डवर कळच नव्हती, म्हणून माणसांनी हाताशी असलेला स्वल्पविराम उचलला. आयबीएमचा फोरट्रान कंपायलर 1972मध्येच स्वल्पविरामाने तोडलेले आकडे वाचत होता. त्याचा लेखी नियम मात्र थेट ऑक्टोबर 2005मध्ये, याकोव्ह शाफ्रानोविच यांनी आरएफसी 4180 या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून काढला, आणि तोही निव्वळ माहितीसाठी, बंधनकारक नाही. तोवर जो तो आपापल्या मनाचा राजा.

ब्राउझरमधून फाइल चढवण्याची कल्पना नोव्हेंबर 1995ची. झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मासिंटर यांनी आरएफसी 1867मध्ये ती मांडली. त्याआधी वेबच्या फॉर्मात फाइल जोडता येत नसे. फाइल पाठवायची तर एफटीपीने. ब्राउझरमधून चढवतानाही प्रश्न सीमेचाच. फॉर्मचे भाग वेगळे ओळखू यावेत म्हणून ब्राउझर मध्ये एक अशी ओळ घालतो, जी फाइलीत कुठेही नसेल. स्वल्पविरामापेक्षा हे कितीतरी विचारपूर्वक केलेलं काम होतं.

आमचा संसार पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालायचा. पीएचपीच्या मूळ सेटिंगप्रमाणे फाइल 2 एमबीपेक्षा मोठी चालत नसे आणि स्क्रिप्टला 30 सेकंदांची मुदत. फाइल एका झटक्यात ओतणारी ‘लोड डेटा’ ही आज्ञा मायएसक्यूएलमध्ये होती, एकेक ओळ घालण्यापेक्षा ती साधारण वीसपट वेगवान, असं त्यांचं मॅन्युअलच सांगतं. पण स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर तिची परवानगी सहसा मिळत नसे. मग एकेक ओळ. मोठी यादी अर्ध्यावर थांबायची आणि त्या काळातल्या मायआयसॅम तक्त्यांत झालेलं काम मागे घेण्याची सोय नसल्याने अर्धे सभासद आत राहायचे. गिऱ्हाईक पुन्हा बटण दाबायचं, तेच अर्धे सभासद दुसऱ्यांदा आत. वधूवर मंडळाच्या यादीत आणखी एक गंमत व्हायची. आपण आधी दिवस लिहितो, मायएसक्यूएलला आधी वर्ष लागतं. न समजलेली तारीख ते तक्रार न करता शून्य वर्ष, शून्य महिना, शून्य दिवस अशी लिहून टाकायचं. अशा मुलाची पत्रिका कोण जुळवणार?

दुसरा प्रश्न, अक्षराचा, हा खास आपला. पुण्यात 1988मध्ये सी-डॅक सुरू झालं, आणि भारतीय लिप्यांसाठीचा इस्की संकेत 1991मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. पण छपाईच्या धंद्यात चालले ते श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारखे टंक, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यांत अक्षरं साठवलेली नसायचीच, अक्षरांचे तुकडे असायचे, तेही डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. म्हणून ‘किरण’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी आणि ‘शर्मा’मधला रफार ‘म’च्या नंतर. हे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतात आणायचं तर वेलांटी उचलून मागे न्यायची, रफार उचलून पुढे आणायचा. स्वल्पविरामाऐवजी टॅबने रकाने पाडायला लावले, तेव्हा एकनाथ सुटले.

युनिकोड आल्यावर सगळं सुटलं असं नाही. युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-8 या रीतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. मायएसक्यूएलची 4.1च्या आधीची आवृत्ती रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजायची. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव 10 चिन्हांचं, म्हणजे 30 बाइटचं. 20च्या रकान्यात ते ‘ज्ञाने’ आणि एक अर्धवट ‘श’ इतकंच उरायचं. वर मायएसक्यूएलचा वर्णक्रम मूळचा स्वीडिश, कारण ती कंपनी स्वीडनची. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातल्या ‘ऱ्ह’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला गेलं तर दोन वेगळी माणसं. एकाच कर्जदाराची दोन खाती अशाने होतात.

हे सगळं जुनं झालं असं म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडचं उदाहरण देते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या नोंदींतून कोरोनाचे 15,841 रुग्ण निसटले. प्रयोगशाळांकडून आलेल्या मजकुराच्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारात ओतल्या जात होत्या आणि त्या प्रकाराला 65,536 ओळींच्या पुढे मोजता येत नाही. उरलेल्या ओळी गुपचूप गळल्या. त्याच वर्षी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. यंत्र सुधारण्यापेक्षा शास्त्रज्ञांनी नमतं घेतलं. माझ्या मते हा उलटा न्याय झाला.

आमच्या धंद्याचं सर्वांत मोठं भलं कुठल्या डेटाबेसने नाही, युनिकोडने केलं, असं माझं मत आहे. तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं: संस्थेची यादी कुणाला पाठवणार असाल तर ती युनिकोडमध्ये टाइप करा आणि युटीएफ-8मध्ये साठवा. तारखेत वर्ष आधी लिहा, आणि फोन नंबरचा रकाना आकड्यांचा न ठेवता मजकुराचा ठेवा, नाहीतर पुण्याच्या 020मधलं पहिलं शून्य उडतं. चढवून झाल्यावर फाइलीतल्या ओळी आणि आत गेलेल्या नोंदी मोजून ताडून पाहा.